रेड्याची इंग्रजी

वाडीतला रहाट कुरकुरत असला की अण्णा ओटीवर निवांत सुपारी कातरत बसे. कुरकुर थांबली की तिथूनच ओरडे, "अनुसूये, झोपलीस की मेलीस?"

"मेले असते तर रहाट तुला हाकावा लागला असता!" धाकटी बहीण विहिरीवरून उत्तर देई.

चौलच्या या वाडीतला गडी मुंबईला गिरणीत लागला, तेव्हापासून पोफळींना पाणी काढायचं काम अनुसूयेच्या गळ्यात आलं होतं. ती अलिबागच्या कॉलेजातून पदवीधर झाली होती, आणि मॅट्रिकलाच अडकलेल्या अण्णाला ते सलत होतं. त्यातच मुंबईला व्यापार-व्यवस्थापनाचा पदवीनंतरचा नवा अभ्यासक्रम निघाल्याचं तिने वर्तमानपत्रात वाचलं. प्रवेशासाठी परीक्षा होती: गणित, उतारे आणि इंग्रजी शब्दांचा डोंगर. अण्णाने मात्र तिच्यासाठी पेणचं स्थळ बघून ठेवलं होतं. परीक्षा हुकली की वैशाखात लग्न, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शिकवणारं कोणी नव्हतं. म्हणून तिने अभ्यास घरच्या कामांवर वाटून टाकला. सुपाऱ्या सोलताना तोंडी गणित, दुपारी वहिनी आडवी झाली की उतारे, आणि रहाटावर तोंड मोकळं असतं म्हणून तिथे शब्द. ही वाटणी तिने पोफळीच्या विरीवर, झावळीच्या बुडाशी असते त्या रुंद सालीवर, कोळशाने लिहून विहिरीपाशी टांगली. दुसऱ्याच दिवशी अण्णाने त्या विरीतून शेण भरून नेलं.

"चांगली जाड होती," तो म्हणाला. "तुझी विद्या कशाला तरी उपयोगी पडली."

वाटणी तिला पाठ होती. रेड्यामागच्या आडव्या दांड्यावर बसून गोल फिरता फिरता ती शब्दांचं पुस्तक खणखणीत वाचू लागली. "ऑब्स्टिनेट, हट्टी. ॲरोगंट, उर्मट." उदाहरणं शोधायला तिला लांब जावं लागत नव्हतं. प्रत्येक शब्दामागे रेड्याच्या पाठीवर काठी हलकेच टेकवायची. डोळ्यांवर झापडं असलेला रेडा त्या शब्दांवरच चालायला शिकला.

चैत्रात पेणच्या माणसांचा निरोप आला, मुलगी बघायला येतो म्हणून. अण्णा तरातरा विहिरीवर गेला आणि त्याने तिच्या हातातलं पुस्तक हिसकावलं.

"आजपासून हे बंद. मुकाट्याने रहाट हाक."

ती मुकाट्याने बसली. रेडा थांबला.

"मुद्दाम करतेस! ऊठ तिथून!" अण्णा स्वतः दांड्यावर चढला. "हैऽ! हैऽ! चल की रे मुडद्या!" काठी ओढली, शेपूट पिरगाळलं. रेड्याने नुसते कान हलवले.

कुंपणापलीकडून शेजारची भागुबाई पदर तोंडाला लावून हसत होती. "अण्णा, माउलीच्या रेड्यानं वेद म्हटले. तुमचा इंग्रजी शाळंत गेलाय वाटतं!"

अण्णा कानापर्यंत लाल झाला. पण दुपारपर्यंत पाट कोरडा पडला आणि नव्या पोफळींनी माना टाकल्या, तेव्हा त्याने पुस्तक बहिणीच्या पायाशी भिरकावलं.

"घे. वाच तुझं थडगं."

तिने ते उचललं, पदराने पुसलं, पण उघडलं नाही. "परीक्षेला जाऊ देशील. पेणची माणसं निकालानंतर."

"आणि नापास झालीस तर?"

"तर तू म्हणशील त्याच्यासमोर उभी राहीन."

"तुझ्यासारखी वैरीण बहीण देवाने कुणाला देऊ नये."

"हो म्हण, अण्णा. झाडं सुकतायत."

तो 'हो' म्हणाला, तेही पाठ फिरवून. त्यानंतर परीक्षेपर्यंत दोघं एकमेकांशी बोललीच नाहीत.

परीक्षेला निघायच्या पहाटे, मुंबईची बोट गाठायला, ती रेवसच्या धक्क्याकडे जाणाऱ्या एसटीसाठी कुंपणाबाहेर उभी होती. वाडीतून काठीचा आवाज आला. मग शिवी. रहाट काही कुरकुरला नाही.

आणि मग अण्णाचा आवाज, दात खात काढलेला: "ऑब्स्टिनेट!"

रहाट कुरकुरला, आणि थोडं फिरून थांबला.

"ॲरोगंट! मेल्या, ॲरोगंट!"

रहाट पुन्हा चालू लागला. एसटी आली, तेव्हा अनुसूया कुंपणाकडे तोंड करून पुढचा शब्द पुटपुटत होती. अण्णाला तो आठवेल का, हे ऐकायला ती थांबली नाही.