मागाखालचा कचरा

मंडळी, आज सूड उगवला आणि काळीज लई गार झालं.

आमच्या वडगावच्या घरी साड्यांचा माग आहे. गेल्या दिवाळीत माझ्या आठ वर्षांच्या ईरानं उरलेल्या रेशमाचा गोंडा करून आत्याला दिला होता, गाडीच्या किल्लीला लावायला. चार बोटांवर धागा गुंडाळायचा, वर गाठ आवळायची, खाली कापायचा. एवढंच. नणंद सगळ्यांसमोर हसली, "मागाखालचा कचरा दिलास व्हय गं?" पोरगी त्या दिवशी जेवली नाही.

आज तीच नणंद दारात. तिच्या लेकीला उद्या शाळेत हातानं केलेली भेटवस्तू न्यायची आहे. "चार गोंडे करून दे की."

म्हटलं, "आक्का, मी न्हाय करणार. बसा, ईरा शिकवील."

याच मागाशेजारी वाढलेली बाई, पण गाठ काही जमेना. ईरा शाळेतल्या बाईंसारखी म्हणायची, "सैल झाली आत्या, परत करा." चार वेळा! मी चहासुद्धा विचारला नाही.

निघताना आक्कांनी उरलेलं रेशीम हळूच पिशवीत भरलं.

"कचरा कुठं नेताय? ठेवा खाली."

ठेवलं त्यांनी. तुम्ही नेऊ दिलं असतं?