सौजन्याचे तीन दिवस

आमच्या बँकेच्या शाखेत खिडकीवर बसणारा बाबू आल्या-गेल्यावर खेकसायचा. हयातीची नोंद करायला करडी गावची एक म्हातारी दरवर्षी यायची. तिला पाहताच तो सुरू व्हायचा, "काहून वं बुढे, बांधीतला सारा चिखल इथंच आणला का?" आणि बडबडतच बाहेर येऊन आपल्या रुमालाने तिचा अंगठा घासून पुसायचा. जन्मभर बांधीत भाताची रोवणी करून झिजलेला तो अंगठा यंत्राला ओळखू येत नसे. हा पाच-सात वेळा दाबून धरायचा, तेव्हा कुठे नोंद व्हायची. "जा आता. वर्षभर मरू नको."

मॅनेजर म्हणून मला त्याची लाज वाटायची. मीच त्याला सौजन्याच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथे टाय लावलेल्या कुणीतरी त्याला तीन दिवस आरशासमोर हसायला लावलं. दुर्दैव असं, की तो शिकला.

परवा म्हातारी आली. ठसा दोनदा जुळला नाही. बाबू खुर्चीतूनच हात जोडून हसला. "क्षमस्व, आजी. आपण कृपया आधार केंद्रात जाऊन या. आपला दिवस आनंदात जावो."

नोंद झाली नाही तर तिची पेन्शन थांबणार होती. तरी ती त्याच्याच तोंडाकडे पाहत राहिली. "बाबू, कायले रागावले माह्यावर?"

तो पुन्हा तसाच हसला.

केबिनच्या काचेतून मी सगळं पाहत होतो. उठून तिचा अंगठा मलाही पुसता आला असता. मी त्याच्या अहवालात 'वर्तनात लक्षणीय सुधारणा' असं लिहिलं आणि खाली सही केली.