दोन पटाश्यांमधला उजेड

मी बी.ए. झाले त्या उन्हाळ्यात बाबांबरोबर पांढुर्ण्याला गेले होते, त्यांना नवी पटाशी घ्यायची होती म्हणून. बाबा सौंसरला सुतारकाम करायचे. दारांच्या चौकटी करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि माझं नागपूरचं शिक्षण त्या चौकटींवरच झालं.

चौकटीचा सांधा घट्ट बसायचा तर खाच सरळ उतरावी लागते, आणि त्यासाठी पटाशीची पाठ सपाट लागते. म्हणून बाबा दोन पटाश्या पाठीला पाठ लावून उजेडाकडे धरत. मधून उजेड दिसला की एक तरी वाकडी.

दुकानदार जुना ओळखीचा. बाबांनी पटाश्यांचा ढीगच समोर घेतला, तसा तो म्हणाला, "मिस्त्री, पटाशी पाहून राहिले का जावई?"

"जावई वाकडा निघाला तं पोरगी करते सिधा," बाबा म्हणाले. "पटाशी वाकडी निघाली तं मले चौकट कोन सुधरून देईन?"

बाकावरची गिऱ्हाइकं हसली. मीही हसले. बाबांनी एक जोडी दाराकडे धरली, डोळा बारीक केला, बराच वेळ पाहिलं. "हे बेस आहे," म्हणत त्यातली एक बाजूला काढली.

मी त्यांच्या खांद्याशीच उभी होते. दोन पटाश्यांच्या मध्ये उजेडाची चांगली जाड रेघ होती.

माझे कान तापले. बोलावं तर बाकावरची माणसं ऐकणार. मिस्त्रीला आता दिसत नाही, हे संध्याकाळपर्यंत सौंसरला पोचलं असतं आणि मग चौकटी दुसऱ्याकडे गेल्या असत्या. दुकानदाराने पटाशी कागदात गुंडाळायला घेतली, आणि तेवढ्यात ती हळूच गल्ल्यामागे ठेवून तिथली दुसरी उचलली. आमची नजरानजर झाली. त्यानेच मान खाली घातली, जणू त्याचीच चोरी पकडली होती.

म्हणजे हे आज पहिल्यांदा होत नव्हतं. परक्या माणसाला ठाऊक होतं. मी प्रत्येक सुट्टीत बाबांच्या शेजारी बसून पुस्तकं वाचायची आणि मला ठाऊक नव्हतं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेरच पाहत राहिले.

घरी बाबांनी कागद सोडून पटाशीवर अंगठा फिरवला. "मी काढली ते हे नोय," म्हणाले. "तिच्या मानेवर खरबडीत होतं. अंगठ्याले तेवढंच समजते, सपाटी नाही समजत. तो बदलून देते दर खेपेले, मले मालूम आहे." मग पटाशी खाली ठेवून, "तुले दिसलं न?"

"हो बाबा."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते लाजले. माझ्यासमोर लाजलेले बाबा मी तोवर पाहिले नव्हते. कुठे बघावं ते मला कळेना.

पुढच्या खेपेला त्यांनी दुकानदाराकडून चार-पाच पटाश्या मागून आणल्या, घरच्या लाकडावर चालवून पाहतो म्हणून. आल्यावर मला हाक मारली. मी एक जोडी उचलून खिडकीकडे धरली.

"थांब व," ते म्हणाले, आणि उठून आधी रस्त्याकडचं दार लोटून घेतलं.