डेअरीतला गिटारवाला

पिंपरी पेंढारच्या दूध डेअरीत फॅट लावायला भरत बसायचा, आणि त्याच्याइतका संशयी माणूस ओतूरपासून आळेफाट्यापर्यंत शोधून सापडला नसता. ह्यात दोष त्याचा थोडा आणि नोकरीचा जास्त. सकाळ-संध्याकाळ सत्तर-ऐंशी माणसं किटल्या घेऊन समोर उभी, आणि प्रत्येकाच्या दुधात पाणी आहे असं धरूनच कामाला लागायचं. एकदा सख्ख्या चुलत्याच्या किटलीतही त्याने पाणी तपासायची काचेची नळी सोडली होती. दूध चोख निघालं, पण चुलता पुढं वर्षभर बोलला नाही.

ह्या माणसाला एकच नाद होता, गिटारचा. पुण्याच्या जुन्या बाजारात मोटरसायकलचा भाग शोधायला गेला आणि गिटार घेऊन आला. बोटं कुठं ठेवायची त्याची चित्रं असलेलं एक पुस्तकही त्याने पैदा केलं. सकाळचं दूध गेलं की संध्याकाळचं येईपर्यंत डेअरी रिकामी असायची. दार लोटून घ्यायचा आणि पुस्तक बघून वाजवायचा. अशी चार वर्षं गेली. गावात भजनाला पखवाज होता, लग्नाला ताशा होता, पण गिटारला बोलवावं असं काही गावात घडतच नव्हतं. चार माणसांत बसून वाजवावं, आपल्या वाजवण्यावर कुणी गावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर एका दुपारी दार ढकलून रुपेश आत आला. त्याचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं आणि त्याची गाण्याची पार्टी होती. बँजो, ढोलकी, कॅसिओ आणि गायला तो स्वतः. जयंतीला भीमगीतं, उन्हाळ्यात लग्नाच्या सुपाऱ्या. आई सकाळी डेअरीत विसरलेलं किटलीचं झाकण न्यायला तो आला होता. दाराबाहेर बराच वेळ ऐकत उभा असावा.

"भरतभाऊ, आमच्या पार्टीत येता का? ह्या भागात गिटार कुनाकडंच न्हाई."

भरतच्या काळजात लखलखलं. पण तोंडातून आलं ते वेगळंच. बघतो म्हणाला. कारण रुपेश बोलत होता तरी भरतची नजर त्याच्या हातातल्या झाकणावर होती.

रुपेशची आई द्रौपदाबाई. एक म्हैस, तिला सरकीची पेंड स्वतःच्या हाताने भिजवून घालणारी बाई. रोज भरतच्याच समोर किटली ठेवायची. मशीनचा आकडा फक्त भरतला दिसायचा. तो मोठ्याने सांगायचा तो आकडा खरा आणि त्यावरच दुधाचा भाव, असा डेअरीचा रिवाज. अशा बाईचा मुलगा आपल्याला पार्टीत बोलावतो, ते गिटारसाठी की फॅटसाठी? भरतची आई ठकूबाई तर चुलीपुढून उठायच्या आधीच निकाल देऊन मोकळी झाली. म्हणाली, फुकट कोण कुणाला बोलावतं? बोलावणारे कोण आणि कुठले, यावरही तिने दोन शब्द जास्तीचे टाकले. ते भरतला आवडले नाहीत, पण त्याने ते खोडलेही नाहीत.

तरी तो गेला. समाजमंदिरात दुपारी तालीम असायची. पहिल्या दिवशी त्याच्या बोटांना घाम सुटला, तारा घसरत होत्या. रुपेशचा मामा भागुजी ढोलकीवर बसायचा. त्याने एका शब्दाने विचारपूस केली नाही, फक्त सरकून सतरंजीवर जागा करून दिली. रुपेशने गाणं उचललं आणि भरतची गिटार पहिल्यांदा कुणाच्या तरी आवाजाखाली जाऊन बसली. घरी जाताना त्याला रडू आलं, असं सांगितलं तर गावात कुणाला खरं वाटायचं नाही.

पण संशयाला औषध नसतं. रुपेशने वाहवा केली की भरतला वाटायचं, हा गोड बोलून काम साधतोय. म्हणून एकदा त्याने मुद्दाम चुकीचं वाजवलं. रुपेश गाता गाता थांबला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की भाऊ, हितं चुकतंय, परत घ्या. दुसरा कुणी असता तर समजला असता की इथं कौतुक आणि चूक दोन्ही खरंच सांगतात. भरत घरी येऊन विचार करत बसला, की मला वहीम येऊ नये म्हणूनच ह्याने चूक काढली असणार.

त्यात डेअरीच्या रांगेने तेल ओतलं. एका सकाळी द्रौपदाबाईची किटली पुढं आली आणि मागून कुणीतरी बोललं, "आता काय, ह्या म्हशीला फॅट लागनारच. गिटारवाला घरचाच झालाय." सगळी रांग हसली. द्रौपदाबाई हसली नाही.

भरतने मशीनमध्ये बघितलं. आकडा होता सात दोन. रोजचाच. त्याने मान वर केली, रांगेकडं बघितलं आणि मोठ्याने सांगितलं, "सहा आठ."

रांग गप्प झाली. भरतला फार बरं वाटलं. आपण कुणाला विकले गेलो नाही, हे गावाला दाखवून दिलं, असं त्याला वाटलं. एकदा केलं ते दुसऱ्या दिवशीही करावं लागलं, कारण म्हशीची फॅट एका रात्रीत चार पॉइंट चढली असती तर रांग पुन्हा हसली असती. असं करत करत दोन महिने तो सात दोनचं सहा आठ सांगत राहिला, आणि दुपारी तिच्याच मुलाच्या गाण्यामागं मन लावून वाजवत राहिला. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्याच्या डोक्यात शिरलं नाही. तो तर स्वतःला दोन्हीकडं इमानदार समजत होता.

मग एक दिवस द्रौपदाबाई डेअरीत यायचीच बंद झाली. आठ दिवस झाले, पंधरा झाले. ओढ्यापलीकडच्या वाडीत नवी डेअरी निघाली होती, तिथं ती किटली डोक्यावर घेऊन अर्धा तास चालत जाते असं कळलं. भरतचं डोकं लगेच चालू झालं. जवळची डेअरी सोडून बाई लांब का जाते? नक्की दुधात काहीतरी गडबड. आपण कडक आहोत, म्हणून तिने सैल माणूस शोधला.

राहवेना म्हणून एका सकाळी आपलं संकलन उरकून तो सायकल मारत त्या वाडीत गेला. तिथं फॅट लावायला बसणारा त्याच्या ओळखीचा होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर भरतने सहज विचारल्यासारखं विचारलं, की द्रौपदाबाईच्या दुधाला काय लागतं. तो म्हणाला, सात दोन, कधी सात तीन, एकदम चोख दूध आहे, पाण्याचा थेंब नाही. भरतने मान डोलावली. त्याला ते माहीतच होतं. दोन महिने रोज त्यानेच बघितलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि त्याचे कान तापले. लबाडी कोण करत होतं, ह्याचं उत्तर शोधायला तो सायकल दामटत आला होता, आणि ते उत्तर आता त्याच्याकडंच होतं.

परत येताना ओढ्याजवळ तीच पुढं चालताना दिसली. रिकामी किटली काखेत. भरत सायकलवरून उतरला. त्याला वाटलं काहीतरी बोलावं, पण बोलली तीच.

"म्हस मी पाळते, भरता. तिचं दूध मला ठाव न्हाई व्हय? तू कमी सांगितलं त्या दिशीच कळलं व्हतं."

"मग बोलला का न्हाईत, मावशी? रुपेशला तरी सांगायचं."

"त्याला सांगितलं असतं तर त्यानं तुला पार्टीतनं काढलं असतं. घरी येऊन रोज तुझंच सांगतो. चुकतो म्हनतो, पन असा जीव लावून वाजवनारा मानूस मला भेटला न्हाई. पोराचं गानं मोडायचं का मी, चार पॉइंटासाठी?"

उद्यापासून दूध इकडं आणा, खरा आकडा सांगीन, असं तो कसंबसं म्हणाला. द्रौपदाबाईने पदर नीट केला.

"न्हाई बाबा. दूध मी तिकडंच घालीन. तू वाजवायला येत जा."

आणि ती निघून गेली.

तो वाजवायला जात राहिला. त्या वर्षी जयंतीला वाजवलं, बेल्ह्याच्या लग्नात वाजवलं, पुढं मंचरपर्यंत सुपाऱ्या झाल्या. अकरा वर्षं तो त्या पार्टीत होता. संशयी स्वभाव काही गेला नाही, पण डेअरीत आकडा सांगण्याआधी तो आता एकदा थांबायचा. रुपेशला त्याने काहीच सांगितलं नाही. चारदा ठरवलं, चारही वेळा धीर झाला नाही.

त्यातच दोन हजार तीनच्या पावसाळ्यात एकदा तालमीच्या आधी भरत गिटार जुळवत बसला असताना रुपेश त्याच्याजवळ येऊन बसला. आईचे गुडघे गेलेत म्हणाला, तरी चिखल तुडवत ती ओढ्यापलीकडं दूध घालायला जाते, कितीदा सांगितलं पण ऐकत नाही.

"तिला तिकडं काय दिसतं, कुनास ठाऊक. हितं तुमच्यासारखा इमानदार मानूस बसलाय, भरतभाऊ."

भागुजीने ढोलकीवर थाप दिली. भरतने मान खाली घातली आणि वाजवायला सुरुवात केली.