अजगराची समजूत काढणारे भाऊजी

माझे धाकटे दीर प्राणिसंग्रहालयात सापांची देखभाल करतात. पन्नाशी उलटली, पण लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, दिवसभर फूत्कार ऐकतोच आहे, घरी आणखी कशाला? आम्ही घरातल्या बायका ते हसण्यावारी नेतो.

त्यांच्याकडे अजगरांची जोडी होती. शेजारी शेजारी काचेचे दोन पिंजरे. थंडी पडली की मधली फळी काढून दोघांना एकत्र सोडायचे. यंदा वरून हुकूम आला आणि मादीची रवानगी दुसऱ्या गावच्या संग्रहालयात झाली. तिला पेटीत घालून भाऊजी घरी आले ते लेक सासरी पाठवल्यासारखं तोंड करून.

मागे राहिलेल्या नराची त्यांना फार काळजी. मग त्यांनी डोकं लढवलं. मादी ज्याला अंग घासत पडून असायची तो ओंडका उचलला आणि नराच्या पिंजऱ्यात ठेवला. तेवढीच बिचाऱ्याला सोबत, असं मला सांगितलं. मलाही पटलं. माणसाला पटण्यासारखंच होतं ते.

अजगरानं मात्र खाणं टाकलं. समोर कोंबडी ठेवली तरी ढुंकून बघेना. सारखी जीभ आतबाहेर करत ओंडक्यावरून फिरायचा, तिथून काचेच्या कोपऱ्यात, तिथून पुन्हा ओंडक्यावर. काचेवर घासून घासून नाकाडाची साल निघाली. भाऊजी म्हणाले, वहिनी, विरह आहे हा. म्हणून त्यांनी ओंडका त्याच्या आणखी जवळ सरकवला! तसा तो जास्तच फिरायला लागला. वजन उतरलं. मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं, पुढच्या खेपेलाही खाल्लं नाही तर याला जनावरांच्या दवाखान्यात हलवू, नळीनं भरवतील, पण जगेल याची खात्री नाही. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. चुकतंय कुठं तेच त्यांना उमगेना.

शेवटी त्यांनी संग्रहालयातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाईंनी ओंडका बघितला आणि हा कुठला म्हणून विचारलं. भाऊजींनी अभिमानानं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. मग समजावलं, की मादीच्या कातडीचा वास जिथं ती घासते तिथं लागून राहतो. आपल्याला तो येत नाही. नर जिभेनं तो टिपतो आणि टाळूतल्या दोन भोकांशी नेतो, तिथं त्याला कळतं कोण गेलं, कुठं गेलं. त्या वासामागं लागला की खाण्याची शुद्ध राहत नाही.

“अहो, तो रडत नाहीये,” बाई म्हणाल्या, “तो शोधतोय. ती इथंच आहे असं तुम्हीच त्याला रोज सांगताय.”

भाऊजींनी ओंडका बाहेर काढला. कढत पाण्यानं पिंजरा खरवडून धुतला, खालची माती बदलली. धुताना आपण दया करतोय की दुष्टपणा, हेच समजत नव्हतं म्हणाले. अजगर थोडे दिवस कोपरे चाचपत राहिला, मग वेटोळं घालून पडला. पुढच्या खेपेला कोंबडी ठेवली तर पिसांसकट गिळली.

साहेब खूश, बाई खूश. भाऊजी घरी आले आणि चपला न काढताच उंबऱ्यावर बसून राहिले. मी म्हटलं, आता काय झालं? जगला ना तुमचा अजगर?

“जगला. पण वहिनी, ती गेली हे त्याला कळलं असेल, का ती कधी नव्हतीच असं वाटत असेल?”

मी काय सांगणार, कपाळ? म्हटलं, बाईंना विचारा. तर म्हणाले, विचारलं, त्यांनाही ठाऊक नाही.