वाऱ्याने आणलेला बर्फ

लढाईच्या दिवसांत मी खेचरांच्या पलटणीत होतो. साक्रीकडचा माणूस बर्फात जाऊन काय दिवे लावणार, हे मला कुणी विचारलं नाही. धुळ्याला भरती झालो आणि थेट उत्तरेच्या डोंगरांत जाऊन पडलो. सोबत माझ्याच गावचे नाना, वयाने मोठे, स्वभावाने तापट.

हिवाळा नुकताच लागला होता. खिंडीपलीकडच्या ठाण्यावर पीठ पोचवायचं होतं. आदल्या दिवशी बर्फाचा कण पडला नव्हता. नुसता वारा, डोळे उघडू न देणारा. सकाळी बघतो तर डोंगराची वाऱ्याकडची बाजू उघडी, दगड दिसताहेत. आणि आमची वाट जायची त्या आडोशाच्या उतारावर बर्फ भरलेला, सारवल्यासारखा गुळगुळीत.

पहाडी वाटाड्याने काठी खुपसून पाहिली. वर कडक थर, खाली रव्यासारखा मोकळा बर्फ. म्हणाला, आज जायचं नाही. हा वाऱ्याने आणून टाकलेला आहे, अजून खालच्या बर्फाला धरलेला नाही.

नाना उखडलेच. "काल बरफ पडनाच नही, मंग हाऊ नवा कथाईन उना?"

मलाही तेच वाटत होतं, काल पडलाच नाही तर नवा बर्फ आला कुठून? आम्ही काळ्या जमिनीची माणसं. पाय रुतेल तिथे बैल घालायचा नाही, टाच टिकेल तिथून खुशाल गाडी हाकायची; दुसरी परीक्षा आम्हाला माहीतच नाही. नानांनी टाच आपटली. टणक! पण आवाज आला रिकाम्या कणगीवर थाप मारल्यासारखा. आता टणक म्हणावं की पोकळ? माझं डोकंच चालेना.

नाना खेचर घेऊन निघाले आणि सुखरूप पलीकडे पोचलेसुद्धा. मला वाटाड्याचा असा राग आला! उगाच घाबरवतो लेकाचा. तरी तो माझ्या खेचराचा लगाम सोडेना.

"आठे ये ना रे! काय घाबरस?" नाना ओरडले.

मी हललो नाही. भीती नव्हती, देवाशप्पथ. कुणाचं खरं मानावं तेच कळत नव्हतं. शेवटी खेचर तिथेच बांधून नाना मला न्यायला परत फिरले. मधोमध थांबले आणि हसत हसत दोन उड्या मारून दाखवल्या.

त्यांच्या वर, उतारावरच्या बर्फात एक चीर आडवी पळत गेली. मग अख्खा उतारच सुटला.

माझ्याआधी वाटाड्या धावला. आम्ही हातांनी, डब्यांनी उकरलं. मी मोठमोठ्याने रडत होतो. नाना सापडले तेव्हा त्यांच्यात काही उरलं नव्हतं.

रजेवर गावी गेलो. त्यांच्या म्हाताऱ्या आईला नाना बर्फात कसे बुडाले ते सगळं सांगितलं.

"पाऊस नही, पूर नही," ती म्हणाली. "मंग मना पोऱ्या बुडना कशामा?"

"वारामा, माय."

उन्हातून आल्याने माझं डोकं फिरलंय असं तिला वाटलं असावं. उठून तिने मला पाणी दिलं, आणि नाना कधी येणार ते विचारलं.