मेणात बसवलेली गाठ

माझ्या थोरल्या भावाच्या मानेत गाठ आली. कुंडलला सगळे म्हणाले, "गंडमाळ असंल." साताऱ्याला तुकडा काढून तपासला, तर लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. सोमवारी केमो ठरली. पण केमो देणाऱ्या डॉक्टरांनाच शंका होती. त्यांनी सांगलीत विश्रामबागेतल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंना त्या तुकड्याच्या काचा, म्हणजे स्लाइड, दाखवायला सांगितल्या.

बाई मायक्रोस्कोपला डोळा लावून बराच वेळ बसल्या. "लिम्फोमाच्या पेशी अशा दिसत नाहीत. गाठीचा ठोकळा आणा, वेगळे रंग लावून बघते."

"मॅडम, सोमवारी केमो आहे. रोगाचं नाव लिहून टाका की," मी म्हणालो.

"चुकीच्या नावाला केमो देऊन काय करायचं?"

फौजेतून निवृत्त झालेला भाऊ हसला. "बाईंचं बरूबर हाय. समोरचा कंच्या पलटणीचा, ते कळल्याबिगर गोळी घालायची न्हाई रं."

ठोकळा म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. तो साताऱ्याहून घेऊन येताना मी रहिमतपूरला जेवायला थांबलो. डबी गाडीत पुढच्या काचेखाली राहिली, एप्रिलच्या उन्हात. सांगलीत उघडली तर मेण ओघळलेलं. ती बाईंसमोर ठेवताना मला मान वर करवेना.

त्यांनी चिमट्यानं तुकडा उचलला. "मेण वितळलंय, गाठ नाही. बसा, चहा घ्या." तुकडा नव्या मेणात बसवून त्यांनी केसाहून पातळ काप घेतले.

लिम्फोमाचे रंग चढलेच नाहीत. रोगाशी लढणाऱ्या पेशींना जाळ्यासारखं धरून ठेवणाऱ्या काही पेशी असतात. त्यांचा रंग मात्र तपकिरी उमटला. अशी गाठ बाईंनी पूर्वी एकदाच पाहिली होती. तरी त्यांनी नाव लिहिलं नाही. आणखी रंग लावले, काचा मुंबईला आपल्या गुरूंना पाठवल्या. सोमवार उलटला. मी फोन करकरून छळायचो, आणि त्या न चिडता सांगायच्या, "अजून ठरलं नाही." एवढं शिकलेलं माणूस इतक्या सरळपणे असं म्हणताना मी पाहिलं नव्हतं.

शेवटी मुंबईहून दुजोरा आला आणि त्यांनी बोलावलं. "केमो नको. ऑपरेशन करून गाठ काढायची."

"घावली का पलटण?" भावानं विचारलं.

"घावली. लढणाऱ्यांतली नाही, त्यांना सांभाळणाऱ्यांतली."

"म्हंजे फितूर लंगरातला, पलटणीच्या सैपाकघरातला निघाला म्हणायचा!"

गाठ पुरी निघाली. मेणाचं मी भावाला दवाखान्यातच सांगून टाकलं. तो गळ्यावरची पट्टी सांभाळत उठून बसला.

"आन् बाईंनी तुला च्या पाजला? मी असतो तर ग्राउंडाला चकरा मारायला लावल्या असत्या."